निंबखारची पांढरी

मी पांढरी माती बोलतेय. निंबखारची. सध्या माझा मुक्काम चांदूर बाजारच्या एका टोकाला, खारपुऱ्यातल्या समाजमंदिराच्या भिंतीवर आहे, आणि मी रोज थोडी थोडी खाली पडते आहे. सकाळी झाडायला येणारी बाई मला केरात भरते. तिला वाटतं चुना पडतोय. पण मी चुना नाही, माती आहे, आणि माझ्या अंगात एक माणूस आहे.

घाबरू नका. मी कुणाला धरत नाही. मातीला ते जमत नाही, मातीला फक्त सांभाळता येतं. माझ्यात चुलीची राख आहे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आहेत, बाळंतिणींच्या न्हाणीचं पाणी मुरलेलं आहे. आणि रुख्मिणी आहे.

तिचं नाव पन्नास वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती, पार्बताबाई आणि तिचे दीर किसनराव. पार्बताबाईला मरण्याआधी ते नाव किसनरावांच्या तोंडून ऐकायचं होतं. किसनरावांना मरेपर्यंत ते ऐकायचं नव्हतं. या दोघांच्या मध्ये मी आले, तीही एका पोरीच्या चुकीमुळे.

आमच्या वऱ्हाडात शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. निंबखार पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात होतं. तिथं जमिनीखालचं पाणी खारं. पावसाचं पाणी तळ्यात साठायचं, ते संपलं की विहिरीचं खारं पाणी पोटात घालायचं. मला त्या तळ्याच्या काठावरून खणून काढलं, भुसा आणि शेण मिसळून पायांनी तुडवलं आणि थरावर थर रचून माझ्या भिंती केल्या. घर पडलं की त्याच मातीचं नवं घर उभं राहायचं. मी किती घरं झाले, मोजली नाहीत.

माणसं भिंतीशी फार बोलतात, त्यांना कळत नाही एवढंच. रुसली की तिच्याकडे तोंड करून झोपतात. खोटं बोलायचं असलं की तिला पाठ टेकतात. पण मला सगळ्यात ओळखीचा होता तो बायकांचा हात. रोज सकाळी पोतेरं व्हायचं. मातीच्या पाण्यात फडकं भिजवायचं, चूल आणि भिंतीचा खालचा पट्टा सारवायचा, आणि ओल्या सारवणावर चार बोटं कमानीसारखी फिरवत न्यायची. प्रत्येकीची कमान वेगळी. कुणाची घाईची, कुणाची खोल, कुणाची रागातली. उजव्या हाताची कमान एका अंगाला कलते, डाव्या हाताची दुसऱ्या. साऱ्या निंबखारात दुसऱ्या अंगाला कलणारी कमान एकाच घरात होती. ती रुख्मिणीची.

रुख्मिणी डावरी होती. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत परत आली. अंगावर सूज होती. सासरच्यांनी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत आणून सोडली, घरापर्यंतही आले नाहीत. खारं पाणी तिच्या अंगात साठलं होतं. पार्बता तेव्हा त्या घरातली नवी सून. दोघी एका वयाच्या, विशीतल्या.

"डाव्या हातानं सारवते वो! लक्ष्मी निघून जाईन घरातून," आई ओरडायची.

"थांबली कवा होती वो माय? येते, पाणी पेते, थुंकते अन् जाते," रुख्मिणी म्हणायची, आणि पार्बता पदरात तोंड खुपसून हसायची.

मग एकेक घर निंबखार सोडून जायला लागलं. कुणी आकोल्याला गेलं, कुणी दर्यापूरकडे. या घरानं चांदूर बाजार धरलं. तिकडं विहिरींना गोड पाणी होतं, संत्र्याचे बगीचे होते. निघायच्या दिवशी गाडी एकच होती. तिच्यात धान्य चढलं, खाट चढली, म्हातारी आई चढली, दिवस गेलेली पार्बता चढली. रुख्मिणीला बसवेना. पाय पखालीसारखे फुगले होते. चार कोस दचके खात गेली तर वाटेतच संपेल, असं तिच्या बापानं ठरवलं. पार्बताचा नवरा तिकडं झोपडी उभारायला थांबणार होता. धाकटा भाऊ किसन अठरा वर्षांचा होता. त्यानं चौथ्या दिवशी रिकामी गाडी आणायची आणि तिला गवतावर निजवून न्यायचं, असं ठरलं.

"जा तुमी. मी काय पळून जाऊन राहिली?" रुख्मिणी दारातून म्हणाली.

किसन चौथ्या दिवशी आला नाही. शेजारची दोन घरं होती, तीही उठून गेली. सातव्या दिवशी परतीचा पाऊस लागला. ज्या भिंतीला कुणी सारवत नाही, तिच्यात पाणी शिरायला वेळ लागत नाही. त्या रात्रीची गोष्ट मी सांगणार नाही. मी पडले, एवढंच सांगते. मला थांबता आलं नाही.

नवव्या दिवशी किसन आला. त्यानं बैल सोडले नाहीत. गाडीतून उतरला, ढिगाऱ्यापासून दहा पावलांवर उभा राहिला आणि "बाई" अशी एकदा हाक मारली. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. मला वाटलं, पुढे येईल, हात घालेल. तो वळला, गाडी वळवली. घरी जाऊन त्यानं काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं.

वस्ती उठून गेलेल्या गावाच्या जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. मी रीठ झाले. माझ्यावर बाभळी उगवल्या, शेळ्या चरल्या. शेतकरी कधीमधी माझ्या गाड्या भरून काळीत टाकायला नेत, कारण जुन्या वस्तीच्या मातीत जोर असतो. पण माझ्यातलं ढेकूळ कुणी घरी नेलं नाही. रिठातली माती घरी नेऊ नये असं म्हातारी माणसं सांगत. मी एकटी नव्हते, म्हणून मला फारसं वाईट वाटलं नाही.

तिकडं चांदूर बाजारात निंबखारच्या माणसांनी जिथं झोपड्या घातल्या, त्या वस्तीला गावानं नाव दिलं खारपुरा. बाजारात कुणी भाजी घ्यायला आलं की मागून ऐकू यायचं, "खारे आले बापा, मीठ झाका!" शाळेत पोरांना खारे, लग्न जमवताना खारे. माणसं गोड पाणी प्यायला लागून पन्नास वर्षं झाली तरी हा शब्द काही धुवून गेला नाही. किसनरावांनी तो धुवायला आयुष्य घातलं. बगीचा केला, घर बांधलं, समाजमंदिर उभं केलं, त्याच्या समितीचे अध्यक्ष झाले. निंबखार हे नाव ते स्वतः घेत नसत आणि समोर कुणी घेतलं तर विषय बदलत.

त्यांची नात प्रणाली. बडोद्याला पाच वर्षं चित्रकला शिकली आणि तिथंच न राहता परत आली. तिच्या बोलण्यात एक धग होती. समाजमंदिराची चाळीस फुटी कोरी भिंत तिनं पाहिली आणि पुऱ्यातल्या माणसांना अंगणात बोलावलं. "ही भिंत आपण सगळ्यांनी मिळून रंगवायची. आपण कोण आहोत ते तिच्यावर दिसलं पाहिजे. बाहेरचा माणूस येऊन वाघ आणि मोर काढून जाईल, तसं नको."

सगळी माणसं एकदम बोलायला लागली.

"माही वांगी काढजो वो पोरी," भाजी विकणारी माणिकबाई म्हणाली. "पण किडकी नको काढू, नाई तं गिऱ्हाईक भिंत पाहूनच वापस जाईन."

"वांगं काढताना कीड दिसते का बाई? ते आतमधी राह्यते," चंद्रभान पेंटर म्हणाला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"तू तं बोलूच नको. माह्या नवऱ्याच्या दुकानावर 'किराना' लिवलं तं 'न' उलटा काढला होता."

"तं आजवर कोणी वापस गेलं का तो 'न' पाहून?"

किसनराव हसले नाहीत. "संत्रं काढ," ते म्हणाले. "बैलजोडी काढ, हनुमान काढ, कापूस काढ. निंबखार नको."

"काहून नको, आबाजी? आपण तिथलेच ना?"

"जे राह्यलंच नाई, ते कायले काढतं?"

प्रणालीनं मान डोलावली, पण मनात वेगळंच ठरवलं. चित्रात निंबखार नसेल तर चित्राखाली असेल. भिंतीला पहिला हात निंबखारच्या पांढऱ्या मातीचा द्यायचा, त्यात डिंक घालायचा, आणि त्यावर रंग. कुणाला दिसणार नाही, पण आपण आपल्या मातीवर उभे आहोत हे तिला ठाऊक असेल. विचार सुंदर होता. फक्त एक गोष्ट बडोद्याला तिला कुणी शिकवली नव्हती, आणि खारपुऱ्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारली असती तर अर्ध्या वाक्यात कळली असती. खारपाणातली माती सिमेंटवर लावत नाहीत.

ती चंद्रभानच्या मोटारसायकलवर रिठापर्यंत आली. चंद्रभान धुऱ्यावरच थांबला.

"मी येत नाई आत. अन् तूही नको जाऊ. रिठातली माती शेतात नेतात, घरी नाई. संगं येते."

"कोण संगं येते, काका?"

"ते माती सांगते का? आल्यावर समजते."

"तुम्ही शिकल्यासवरल्यासारखं बोला ना."

"मी कवा शिकलो? म्हणूनच तं जित्ता आहो."

ती हसत आत आली. सगळीकडे बाभळी होत्या. एक ढीग इतरांपेक्षा उंच होता आणि तिथली माती सगळ्यात पांढरी दिसत होती. तिनं तिथं कुदळ घातली. सरळ रुख्मिणीच्या घरावर. मी ओरडले असते. पण त्या पोरीच्या हातात काहीतरी होतं, ज्यानं मी शांत झाले. तिनं कुदळ डाव्या हातात धरली होती.

दोन पोती भरून मी चांदूर बाजारला आले. प्रणालीनं मला भिजवलं, चाळलं, डिंकात कालवलं आणि भिंतीवर फडक्यानं सारवलं. सारवताना तिला वाटलं असावं की नुसता सपाट हात चांगला दिसत नाही, म्हणून तिनं चार बोटं ओल्या मातीवर फिरवली. एक कमान, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. चाळीस फूट. सगळ्या त्याच, दुसऱ्या अंगाला कलणाऱ्या.

मी तो हात ओळखला. पन्नास वर्षांनी तो माझ्यावरून फिरत होता, आणि या पोरीला रुख्मिणी नावाची कुणी आजी होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं. लहानपणी ती डाव्या हातात पेन्सिल धरायची तेव्हा किसनराव ती काढून उजव्या हातात द्यायचे, दर वेळी, आणि उठून बाहेर जायचे. घरच्यांना वाटायचं म्हातारा शिस्तीचा आहे. पार्बताबाई मात्र पोर एकटी असली की पेन्सिल परत डाव्या हातात द्यायची.

मग माझ्यावर रंग चढले. सारा पुरा राबला. पोरींनी कापसाची बोंडं भरली, म्हाताऱ्यांनी बैलांच्या शिंगांवरून भांडणं केली, माणिकबाईच्या वांग्यांवर तिनं स्वतः देखरेख केली. मधोमध संत्र्याचं मोठं झाड होतं, त्याला शंभरावर संत्री होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी नारळ फुटला. किसनराव फेटा बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून आपल्याले कोणी खारे म्हणणार नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी काही बायका रडल्या, आणि मला त्यांचं हसू आलं नाही. मार खाल्लेल्या माणसांना आपलं चित्र मोठं झालेलं पाहायचा हक्क आहे. पण मी खालून सगळ्यांकडे बघत होते आणि मला तहान लागली होती.

पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली. ओल आली की अंगातला खार जागा होतो, तो मला आवरत नाही. भादव्यात पहिलं संत्रं पांढरं पडलं. नंतर दुसरं, नंतर झाडच. रंगाखालून मीठ वर येत होतं, कापसासारखं मऊ, बोट लावलं की गळणारं. जिथं माझा थर जाड होता तिथं ते आधी फुटलं. आणि थर जाड होता तो कमानींच्या कडांना.

म्हणून एका सकाळी लोकांना दिसलं की संत्र्याच्या झाडावर, हनुमानाच्या छातीवर, बैलांच्या पाठीवर चार चार बोटांच्या कमानी उमटल्या आहेत. जणू पहाटे कुणी येऊन सारवून गेलं. दुपारच्या उन्हात त्या गळून पडत. दुसऱ्या सकाळी पुन्हा ताज्या.

"पाह्य," चंद्रभान हळूच म्हणाला, "आली ना संगं."

बाजारात हसण्याचा पूर आला. खाऱ्यांच्या भिंतीले खार फुटला! पुऱ्यातली माणसं हसू शकत नव्हती. माणिकबाई टोपलं घेऊन लांबच्या गल्लीतून जायला लागली. एका सुनेनं कमानींसमोर दिवा लावला, तिच्या सासूनं तो विझवला. पोरं भिंतीला टेकून खेळायची ती थांबली. प्रणाली सगळ्यांना समजावत फिरत होती की हे मातीतलं मीठ आहे, चूक माझी आहे. ती खरंच बोलत होती, आणि त्यानं कुणालाच धीर येत नव्हता.

पार्बताबाई भिंत पाहायला आली ती प्रणालीचा दंड धरून. तिला आता लांबचं नीट दिसत नाही. ती अगदी जवळ आली, एका कमानीला बोटं लावली आणि त्या वळणावरून स्वतःचा हात फिरवला. उजवा हात त्या वळणावर बसेना. तिनं डावा लावला.

"माती कुठून आणली वो?"

"निंबखारहून, मोठी आजी. उंच ढिगारा आहे ना, तिथून."

म्हातारी तिथंच खाली बसली.

"आजी, हा माझाच हात आहे. मीच सारवलं होतं. तुम्ही घाबरू नका."

"मी कायले घाबरू? हात तुहाच आहे," पार्बताबाई म्हणाली. "पण कोणापासून आला थो, ते तुह्या आबाजीले विचार."

प्रणालीनं त्या दिवशी जेवताना विचारलं. "आबाजी, आपल्या घरात माझ्यासारखं डावरं कोण होतं?" किसनरावांनी ताटावरून हात उचलला, धुतला आणि ते बगीच्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती बोलावली. दसऱ्याच्या आत भिंत पार खरवडून काढायची, सिमेंट लावायचं आणि साधा पिवळा रंग द्यायचा. चित्र नको, काहीच नको.

मला भीती वाटली ती खरवडण्याची नव्हती. माती खरवडली तरी मातीच राहते. पण मला उकिरड्यावर टाकलं असतं, पार्बताबाईचे दिवस थोडे होते, आणि मग ते नाव जगात कुणाच्याच तोंडात उरलं नसतं.

ठरलेल्या सकाळी चंद्रभान लोखंडी पत्ती आणि बादली घेऊन आला. किसनराव काठी टेकत उभे होते. आणि भिंतीला पाठ लावून, मधोमध, पार्बताबाई बसली होती. पुऱ्यातली दहापंधरा माणसं लांब उभी होती. प्रणाली तिच्या शेजारी होती, पण मध्ये पडत नव्हती.

"वैनी, उठा. काम करू द्या."

"करू दे ना त्याले. चंद्रभान, पह्यले मले खरवड. मीही निंबखारचीच आहो."

चंद्रभाननं पत्ती पाठीमागं लपवली. "मले नका पाडू यात, माय. मी पाट्या लिवणारा माणूस."

"वैनी, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. पन्नास वर्षं कोणी पाह्यलं नाई म्हणून तं हे झालं." म्हातारीचा आवाज वर गेला नाही. "भाऊजी, तुमी नवव्या दिवशी वापस आले, ते ध्यानात आहे तुमच्या? मामाजीले, तुमच्या बापाले, सांगतलं का सगळं आटोपलं, नदीवर नेऊन अग्नी देल्ला. माय रडली, मामाजी रडले. मी पाणी द्यायले आली तुमाले. तुमी गडवा घेतला तवा मी तुमचे हात पाह्यले."

किसनरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पडलेल्या घरातून माणूस काढला असता तं नखात माती राह्यली असती. महिनाभर निंघत नाई ते पांढरी. तुमची नखं साफ होती, भाऊजी. मी त्याच दिवशी समजली. बोलली नाई. माह्या पोटात लेकरू होतं, घर नवं होतं, तुमी कमावणारे होते. मीही तिले तठीच ठेवलं. तुमी एकट्यानं नाई."

कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली आणि थांबली. किसनरावांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"चौथ्या दिवशी बैल जुपले होते मी," ते म्हणाले. "आमराईपर्यंत गेलो. तठून वापस आलो. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा वापस. मले तिची सूज पाह्यवत नव्हती, वैनी. वाटे, जाईन अन् ते म्हणन, काऊन रे उशीर केला? मंग काय सांगू? एक दिवस उशीर झाला म्हणून दुसरा केला. दोन घागरी पाणी ठेवून आलो होतो आपण. दोन. मी नवव्या दिवशी गेलो."

"कोणाले ठेवून आलो होतो?" पार्बताबाईनं विचारलं.

किसनरावांनी चंद्रभानच्या बादलीकडे पाहिलं.

"नाव घ्या, भाऊजी. मले बाकी काही नाई पाह्यजे."

म्हातारा भिंतीजवळ आला. दहा पावलांवरून तो कधी पुढे आला नव्हता, आता मला त्याचा श्वास लागत होता.

"रुख्मिणी," ते म्हणाले. "रुख्मिणीबाई. माही बहीण होती. मी तिले मातीत सोडून आलो."

एवढं मोठ्यानं म्हटलं की माणिकबाईनं टोपलं खाली ठेवलं. पार्बताबाई हसली नाही, रडली नाही. खूप वेळ डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या बाईसारखी तिनं मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. चंद्रभाननं पत्ती बादलीत टाकली आणि बादली घेऊन निघून गेला.

यानंतर सगळं नीट झालं, असं मी म्हणणार नाही. पुऱ्यातली काही माणसं किसनरावांच्या घरचं पाणी पीत नाहीत. अध्यक्षपद त्यांनी सोडलं. प्रणाली अनेक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिनं भिंतीवर रुख्मिणीचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवलं होतं, तर पार्बताबाईनं तिला अडवलं. "लिवू नको. लिवलं का लोक नुसते पाहून जातात. तोंडानं घेत जाय." दिवाळीनंतर पार्बताबाई गेली. शेवटचे आठ दिवस ती रुख्मिणीशीच बोलत होती, दोघींच्या काहीतरी जुन्या चेष्टा, अधूनमधून पदर तोंडाला लावून.

भिंत अजून आहे. चित्र निम्म्यावर गेलं आहे. हनुमानाचा एक हात आणि गदा उरली आहे, माणिकबाईची दोन वांगी शाबूत आहेत, बाकी सगळीकडे माझ्या पांढऱ्या कमानी. पावसाळा संपला तेव्हा मला वाटलं होतं की आता खार थांबेल, ऊन मला वाळवेल आणि जे उरलंय ते टिकेल. तसं होणार नाही. कारण किसनराव रोज सकाळी त्यांच्या विहिरीच्या गोड पाण्याचा तांब्या भरून आणतात, "घे बाई," म्हणतात, आणि तो माझ्यावर ओततात.

प्रणालीनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आबाजी, पाणी मारलं की खार अजून वर येतो. असं केलं तर वर्षभरात भिंतीवर काहीच राहणार नाही."

"मालूम आहे मले."

"मग?"

"तहानली होती ना ते."

आता कधी कधी पोरगीच तांब्या भरून देते.

तेव्हा मी जाणार आहे. माझी तक्रार नाही. पण तुम्हीही तुमच्या गावात, तुमच्या पुऱ्यात, एखादी भिंत रंगवायला घ्याल. घ्याच. आपली बोंडं, आपली संत्री, आपली शिंगं मोठी करून काढा. फक्त पहिला ब्रश मारण्याआधी म्हाताऱ्या बायकांना अंगणात बसवा आणि विचारा, यात कोण नाही? त्या लगेच सांगणार नाहीत. पाणी द्या, थांबा, पुन्हा विचारा. आणि जे नाव निघेल ते नीट ऐकून घ्या, कारण माझ्यासारखी माती सगळीकडे असते, पण ती अशी भिंतीवर येऊन उभी राहते असं नाही.

इथवर आलाच आहात तर एकदा तिचं नाव घ्या. मोठ्यानं. कुणी ऐकलं तरी हरकत नाही.

आणि आता जरा बाजूला सरका. किसनराव तांब्या घेऊन येत आहेत.